ग्रेप की ग्रेप्स? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्यापैकी कोणी परदेशी लोकांना इंग्रजी शिकवतं का, किंवा त्यांच्यासोबत इंग्रजीतून काम करतं का, आणि नेमकं कुठे अडतं ते कळवा. खान्देशातून भरपूर पत्रं आणि मेसेज आले, त्यातले बरेच चिनी बोलणाऱ्या लोकांबद्दलचे निघाले, आणि ग्रेप हा एकच शब्द इतक्या जणांनी विचारलाय की या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. चिनी शब्द देवनागरीतच लिहिलेत, ते वाचताना फ म्हणजे फळातला फ, ओठ मिटून म्हणायचा, फॅनमधला नाही.

प्रश्न : मॅडम, मी जळगावला राहते आणि संध्याकाळी ऑनलाइन इंग्रजी शिकवते, माझे स्टुडंट तैवानचे नोकरी करणारे लोक आहेत. हुशार आहेत, व्याकरण पाठ आहे, पण बोलायला लागले की हमखास 'आय बॉट ग्रेप', 'ग्रेप इज व्हेरी स्वीट' असंच येतं. एस लावा म्हटलं की पुढच्या वाक्यात लावतात आणि तिसऱ्या वाक्यात तो परत गायब. मी कुठे कमी पडतेय?

उत्तर : ताई, तुम्ही कुठेच कमी पडत नाही आहात, आणि ते लोकही आळशीपणा करत नाहीयेत, हे आधी मनातून काढून टाका. त्यांच्या भाषेत फळाच्या नावाला अनेकवचनच नसतं. एक द्राक्ष असू द्या नाहीतर पाटीभर असू द्या, शब्द तोच, फूथाओ. माणसांसाठी एक प्रत्यय आहे पण तो फळांना लागत नाही. मग एक की अनेक हे कळतं कसं, तर आकडा आणि वस्तू यांच्या मध्ये ते मोजणीचा एक शब्द घालतात आणि वस्तू बदलली की तो शब्द बदलतो. द्राक्षाचा एक घड असेल तर ई छ्वान फूथाओ, एक मणी असेल तर ई ख फूथाओ. ई म्हणजे एक, छ्वान हा ओवलेल्या किंवा घोसाने लागलेल्या वस्तूंसाठी, आणि ख हा बारीक गोल दाण्यासारख्या वस्तूंसाठी. म्हणजे संख्येची माहिती त्यांच्या वाक्यात असतेच, फक्त ती नामाच्या शेपटीला नसते तर नामाच्या आधी येऊन गेलेली असते, त्यामुळे नामापर्यंत पोचल्यावर अजून काही लावायचं राहिलंय असं त्यांना वाटतच नाही.

खान्देशातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण केळीच्या बाबतीत आपण हेच करतो. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, कुठेही बागेत जा, नुसतं 'केळी किती' असं कोणी विचारत नाही, घड किती, फण्या किती असंच बोलतात. इंग्रजीतही केळीवाले लोक घडाला बंच, फणीला हँड आणि एकेका केळ्याला फिंगर म्हणतात, आणि चिनीत फणीसाठी पा हा शब्द चालतो, जो मुठीत धरायच्या वस्तूंसाठी असतो. आपल्याला फणी दिसली, त्या दोन्ही भाषांना हात.

आणि द्राक्षाच्या गाडीवर तर घडाचा भाव वेगळा आणि सुट्ट्या मण्यांचा वेगळा. संध्याकाळ झाली की गाडीवाला तळाशी गळून पडलेले मणी एका घमेल्यात काढून ठेवतो, देठाजवळ थोडे फुटलेले, हाताला चिकट लागणारे, आणि ते घडाच्या भावापेक्षा बऱ्याच कमी पैशात देतो. घड आणि मणी हा फरक आपल्या बोलण्यात पक्का बसलेला आहे. तुमच्या स्टुडंटच्या डोक्यात छ्वान आणि ख असेच पक्के आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत असं की एस पासून सुरुवात करूच नका. घडापासून करा.

सीझनमध्ये खराखुरा घड आणा आणि कॅमेऱ्यासमोर धरा. अ बंच ऑफ ग्रेप्स. त्यातला एक मणी तोडून दोन बोटांत धरा, अ ग्रेप. चारपाच मणी तळहातावर घ्या, अ फ्यू ग्रेप्स. मूठ भरा, अ हँडफुल ऑफ ग्रेप्स. बाकीचे वाटीत टाका, सम ग्रेप्स किंवा अ बोल ऑफ ग्रेप्स. मग त्यांना सांगा की प्रत्येक वेळी आधी चिनीत म्हणा आणि लगेच इंग्रजीत म्हणा, म्हणजे छ्वानच्या जागी बंच ऑफ येतंय हे त्यांचं त्यांनाच दिसेल, आणि ख च्या जागी इंग्रजीत काहीच येत नाही, सरळ अ ग्रेप, हेही दिसेल. इथेच खरी गाठ आहे. चिनी माणसाला मधला शब्द लागतो, इंग्रजीला एका मण्यासाठी तो लागत नाही, पण मग ती जबाबदारी नामावर येते आणि नाम एकटं की अनेक हे नामालाच दाखवावं लागतं. हे एकदा डोक्यात शिरलं की एस हा नुसता नियम राहत नाही, त्याचं काम काय आहे ते समजतं.

दुसरं म्हणजे चुकल्यावर ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं ते सांगा, त्याने फार फरक पडतो. 'आय एट अ ग्रेप' म्हटलं की ऐकणाऱ्याला खरंच एक मणी दिसतो, डब्यात घड नेला आणि एकच मणी खाल्ला असं. 'आय लाइक ग्रेप' म्हटलं की त्याला फळ दिसतच नाही, गोळी नाहीतर सरबत दिसतं, कारण एस नसलेला, अ नसलेला ग्रेप म्हणजे स्वाद. आणि 'आय लाइक ग्रेप्स' म्हटलं की फळ. तिन्ही वाक्यं इंग्रजीत बरोबर आहेत, अर्थ वेगळे आहेत, म्हणून 'चूक, चूक' म्हणण्यापेक्षा 'तुम्ही आत्ता हे म्हणालात' असं सांगितलं की मोठी माणसं पटकन सुधारतात.

भाव विचारण्याचं वाक्य मुद्दाम घोटून घ्या. हाउ मच इज हे त्यांना एकसंध पाठ असतं त्यामुळे 'हाउ मच इज द ग्रेप' येतं. 'हाउ मच आर द ग्रेप्स' किंवा 'हाउ मच आर दीज' हे दुकानात वापरायचं वाक्य म्हणून बसवा, नियम सांगत बसू नका.

एक हुशार स्टुडंट हमखास विचारेल की तांदूळ तर अजून बारीक आणि अजून जास्त, मग राइसला एस का नाही? इंग्रजीने हे असंच ठरवून टाकलंय, राइस, व्हीट, कॉर्न हे ढीग म्हणून बघायचे आणि ग्रेप्स, पीज, बीन्स, लेंटिल्स हे दाणे म्हणून बघायचे. आपणही करतोच की, हरभरा महागला म्हणतो आणि हरभरे भिजत घातले म्हणतो, ज्वारी मात्र कितीही पोती असली तरी ज्वारीच. तेव्हा याला कारण शोधू नका, यादी पाठ करू द्या.

प्रश्न : नमस्कार, मी शिरपूरला कॉलेजला आहे. ग्रेप्सला एस लागतो तर मग ग्रेप्स ज्यूस का नाही म्हणत? एका चिनी मित्राने गेम खेळताना विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

उत्तर : कारण तिथे ग्रेप हे दुसऱ्या नामाच्या आधी विशेषणासारखं बसलंय, आणि इंग्रजीत अशा जागी बहुतेक वेळा एकवचनच येतं. ग्रेप ज्यूस, ग्रेप सीड ऑइल, ग्रेप ग्रोअर, ग्रेप जेली. रस काढायला किती घड लागले याच्याशी घेणंदेणं नाही. आपण पण द्राक्षबाग म्हणतो, द्राक्षंबाग नाही म्हणत.

पण तुझ्या मित्राला ग्रेप फ्लेवरबद्दल एक गोष्ट सांग, त्याला आवडेल. जांभळ्या रंगाच्या ग्रेप गोळीची चव आपल्याला द्राक्षासारखी लागतच नाही, कारण आपल्याकडे नाशिक-सांगलीकडून येतात ती थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश अशा जाती, आणि तो स्वाद आहे अमेरिकेतल्या काँकर्ड नावाच्या जातीचा. मॅसेच्युसेट्समधल्या काँकर्ड गावात एफ्रिम बुल नावाच्या माणसाने ती १८४९ च्या सुमारास तयार केली. तिच्या वासात मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं द्रव्य असतं आणि गोळ्यांमध्ये तेच घालतात. चीनमध्ये जी जात खूप लावतात ती मूळची जपानी क्योहो, चिनीत तिला च्यूफंग म्हणतात (इथला फ मात्र फॅनमधला), टपोरी, काळपट जांभळी, साल सटकन निघते, आणि तिच्यात अमेरिकन द्राक्षाचा वंश मिसळलेला आहे. त्यामुळे ग्रेप फ्लेवर म्हटलं की तुझ्या मित्राला तो आपल्यापेक्षा जास्त ओळखीचा वाटेल.

प्रश्न : मॅडम, मी भुसावळची. माझा भाचा चीनमध्ये एमबीबीएस करतोय. त्याचे तिथले मित्र त्याच्याशी इंग्रजीतच बोलतात पण ग्रेप शुगर, ग्रेप वाइन, ड्राय ग्रेप असे शब्द वापरतात. तो विचारत होता की हे चालतं का, की त्यांना सांगायला पाहिजे?

उत्तर : सांगायला पाहिजे, पण आधी त्याने हे समजून घ्यावं की ते शब्द आलेत कुठून, म्हणजे सांगताना समोरच्याला कमीपणा वाटणार नाही.

चिनीत एका फूथाओपासून कितीतरी शब्द तयार होतात आणि प्रत्येकाचा अर्थ शब्दातच उघडा असतो. फूथाओ कान म्हणजे सुकं द्राक्ष. फूथाओ च्यौ म्हणजे द्राक्षाची दारू. फूथाओ थांग म्हणजे द्राक्षाची साखर. इंग्रजीत मात्र यातल्या प्रत्येकाला वेगळं, एकमेकांशी नातं न दिसणारं नाव आहे, रेझिन, वाइन, ग्लुकोज. चिनी माणूस आपला शब्द तुकड्यातुकड्याने इंग्रजीत नेतो आणि तिथे ग्रेप शुगर तयार होतं. अजून एक म्हणजे पोर्तुगाल देशाचं चिनी नाव फूथाओ या, अक्षरांचा अर्थ बघाल तर द्राक्ष आणि दात, पण तिथे अर्थ नाहीच, फक्त आवाज जुळवलाय. तेव्हा चिनी मजकुरात द्राक्षाची अक्षरं दिसली म्हणजे तिथे द्राक्ष असेलच असं नाही.

वाइनचं सोपं आहे. इंग्रजीत नुसतं वाइन म्हटलं की द्राक्षाचीच. दुसऱ्या कशाची असेल तर तसं सांगतात, राइस वाइन, प्लम वाइन. चिनीत च्यौ म्हणजे कुठलंही मद्य, बिअरपासून कडक दारूपर्यंत सगळं, म्हणून त्यांना द्राक्षाची असं सांगावं लागतं, आणि म्हणूनच ते कधीकधी ज्वारीपासून केलेल्या कडक दारूलाही इंग्रजीत व्हाइट वाइन म्हणून बसतात. ज्वारीची दारू हे वाचून दचकू नका, त्यांच्याकडची पायच्यौ बऱ्याचदा ज्वारीचीच असते, आणि पाय म्हणजे पांढरा. हा घोटाळा पार्टीत महागात पडू शकतो कारण वाइन समजून जे हातात येतं ते पन्नास टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलचं असू शकतं. भाच्याला हे नक्की सांगा.

रेझिनवर मला जरा थांबायचंय. रेझिन हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ साधं ताजं द्राक्ष, इंग्रजीने तो फक्त सुकलेल्यासाठी ठेवला. शिवाय इंग्लंडमध्ये फिक्या, बिनबियांच्या बेदाण्याला सुलताना म्हणतात आणि बारीक काळ्या मण्यांना करंट, जे नाव ग्रीसमधल्या कॉरिन्थ गावावरून पडलंय आणि विजेच्या करंटशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे बेदाणे वेगळे आणि मनुका वेगळ्या, बाजारात दोन्हीचे डबे वेगळे, तरी रेझिनचा अर्थ विचारला की आपण मनुका सांगून मोकळे होतो. शिरखुर्म्यात बेदाणे पडतात, आजी रात्री भिजवून सकाळी खायला देते त्या काळ्या मनुका, इंग्रजीत दोन्ही रेझिन्स, आणि वेगळं सांगायचंच असेल तर गोल्डन रेझिन्स आणि ब्लॅक रेझिन्स. चिनी मित्राला पण हेच दोन शब्द द्यावेत, कारण त्यांच्याकडेही शिनच्यांगमधल्या तुर्पानचे हिरवट बेदाणे प्रसिद्ध आहेत. तिथे विटा मुद्दाम मध्ये भोकं ठेवून रचतात, अशा जाळीदार भिंतींच्या खोल्यांत घड टांगतात आणि वाळवंटातला गरम वारा आरपार जाऊन ते सावलीत सुकतात, म्हणून हिरवा रंग टिकतो. तासगावकडे शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर सुकवतात, तिथेही उन्हापासून रंग वाचवायचाच प्रयत्न असतो.

लागवडीचं द्राक्ष चीनचं मूळचं नाही बरं का, आणि फूथाओ हा शब्दही बाहेरूनच तिकडे गेलाय. हान राजवटीत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात सम्राट वू याने चांग छिएन नावाच्या दूताला पश्चिमेकडे पाठवलं, त्यातून वाट उघडली आणि नंतर दूतांनी मध्य आशियातल्या फरगाणाकडून द्राक्षाचं बी आणलं असं जुन्या चिनी इतिहासात लिहिलंय. सोबत अजून एक बी आणलं, घोड्यांसाठी, लसूणघासाचं. आपल्या गोठ्यातला लसूणघास आणि द्राक्ष एकाच वाटेने चीनला पोचले.

आता ग्लुकोज. ग्रेप शुगर हे इंग्रजीतही एकेकाळी चालणारं नाव आहे, कारण मार्गग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये ही साखर बेदाण्यांतूनच वेगळी काढली होती, आणि ग्लुकोज हे नाव १८३८ मध्ये पडलं. मराठीत पण जुन्या पुस्तकांत द्राक्षशर्करा असतंच. म्हणजे चिनी शब्द अगदी शास्त्राला धरून आहे. पण हॉस्पिटलमध्ये इंग्रजी बोलताना ग्रेप शुगर म्हणू नये, पेशंट भारतातला असो की आफ्रिकेतला, त्याला ज्यूस पाजताय की काय असं वाटेल. ग्लुकोज म्हणावं, आणि सलाईनच्या बाटलीवर डेक्स्ट्रोज लिहिलेलं असेल तर ते तेच आहे हेही दोघांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : चाळीसगावहून लिहितोय. माझी एक चिनी सहकारी आहे, कॉलवर ती ग्रेप म्हणते तेव्हा मला कधी ग्रे ऐकू येतं कधी ग्रेपू. आणि वाइन आणि व्हाइन तिचे एकच. काही उपाय आहे का?

उत्तर : आहे. मँडरिन, म्हणजे चीनच्या प्रमाण बोलीत, शब्दाचा शेवट प, ट, क अशा आवाजांवर होतच नाही, शेवटी स्वर येतो किंवा न, ङ सारखा आवाज. म्हणून शेवटचा प एकतर गळतो नाहीतर त्याला आधार म्हणून मागे उ लागतो. हाँगकाँगकडची कँटनीज बोलणारी माणसं असतील तर त्यांच्याकडे शेवटी प असतो, ती ओठ मिटतात पण सोडत नाहीत, आणि इंग्रजीत तेवढं पुरतं. तुमच्या सहकारीला तेच सांगा, ग्रे म्हणून ओठ मिट आणि मिटलेलेच ठेव. मग पुढे स्वराचा शब्द जोडून द्या, ग्रेप इज, जे बोलताना ग्रे-पिज होतं, म्हणजे प पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला गेला आणि सुरुवातीचा प त्यांना सहज येतो. ग्रेप्स आर पण तसंच, ग्रेप-सार.

वाइन म्हणताना ओठ गोल, व्हाइन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, फॅनमधल्या फ सारखे, फक्त घशातून आवाज काढायचा. मँडरिनमध्ये फॅनसारखा फ आहे, त्यामुळे तिथून व्ह पर्यंत नेणं सोपं जातं. भाऊ, आपला वर्षातला व या दोन्हीच्या मधला आहे, तेव्हा कॉलच्या आधी आपणही दात ओठाला लावून बघितलेले बरे. पण ग्रेपमधला ए मात्र तिच्याकडून शिकण्यासारखा आहे, इंग्रजीत तो एइ असा घसरता स्वर आहे, मँडरिनमध्ये तो असतोच, आणि आपण मराठी माणसं मात्र तिथे सपाट ए म्हणतो.

प्रश्न : अमळनेर. माझ्या चिनी क्लायंटने ई-मेलमध्ये लिहिलं की 'आय हर्ड फ्रॉम ग्रेप' की तुमची कंपनी विकली जातेय. दुसऱ्या एकाबद्दल लिहिलं 'ही इज सॉवर ग्रेप'. माले काही समजत नही, नेमकं बरोबर काय?

उत्तर : पहिल्यात त्याला आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन म्हणायचं होतं. ग्रेपव्हाइन म्हणजे द्राक्षाची वेल. अमेरिकेत तारायंत्र आलं, खांबांवरून तारा गेल्या, आणि तोंडातोंडी पसरणाऱ्या बातमीला लोक द्राक्षवेलीची तार म्हणायला लागले, १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात छावण्यांमधल्या अफवांसाठी तर हा शब्द फारच चालला. पुढे तार गळून पडली आणि वेल राहिली. आपण उडत उडत कानावर आलं म्हणतो ते हे. यात द ग्रेपव्हाइन हा अख्खा तुकडा तसाच ठेवायचा असतो, द काढायचा नाही, व्हाइन तोडायची नाही, एस लावायचा नाही. चिनीत अ आणि द सारखं काही नसल्यामुळे द सगळ्यात आधी गळतो. अमेरिकन लोक थ्रू द ग्रेपव्हाइन म्हणतात, इंग्लंडमध्ये ऑन द ग्रेपव्हाइन. आणि कोणी सांगितलं हे माहीत असेल तर हा वाक्प्रचार वापरायचाच नाही, सरळ नाव घ्यायचं. चिनीत याच अर्थाने श्याओ ताओ श्याओशी म्हणतात, म्हणजे लहान वाटेने आलेली बातमी, आडवाटेची. क्लायंटला तो शब्द आठवून द्या, तो लगेच जोडून घेईल.

सॉवर ग्रेप्सचं म्हणाल तर कोल्ह्याची गोष्ट तिन्हीकडे पोचलेली आहे. आपलं कोल्ह्याला द्राक्षं आंबट, चिनीत द्राक्षं खायला मिळाली नाहीत म्हणून आंबट म्हणतो अशी म्हण. इतकं सारखं असल्यामुळेच चूक होते, कारण चिनीत आंबट हा शब्द नुसत्या जळफळाटासाठीही वापरतात आणि प्रेमातल्या मत्सराला व्हिनेगर खाणं म्हणतात, त्यामुळे कोणी कोणावर जळतंय असं दिसलं की त्यांना सॉवर ग्रेप्स आठवतं. इंग्रजीत तेवढ्याने भागत नाही. आधी ती गोष्ट हवी असली पाहिजे, मग ती मिळालेली नसली पाहिजे, आणि मग तिला नावं ठेवलेली असली पाहिजेत. टेंडर हातातून गेलं आणि माणूस म्हणाला तसंही त्यात नफा नव्हता, हे सॉवर ग्रेप्स. टेंडर गेलं आणि तो जिंकणाऱ्यावर चिडून बसला, हे नाही, तिथे जेलस किंवा एन्व्हियस. आणि नाचता येईना अंगण वाकडं तर अगदीच वेगळं, तिथे इंग्रजीत वाईट कारागीर हत्यारांना दोष देतो असं म्हणतात.

वाक्य करताना माणूस सॉवर ग्रेप्स नसतो, त्याचं बोलणं असतं. 'दॅट्स जस्ट सॉवर ग्रेप्स', 'इट साउंड्स लाइक सॉवर ग्रेप्स'. पुढे एकवचनी दॅट आणि मागे अनेकवचनी ग्रेप्स हे विचित्र दिसतं पण तसंच असतं, कायम. आणि तोंडावर म्हणू नका, धंद्यात तर नाहीच, लागतं माणसाला.

प्रश्न : मी सटाण्याचा द्राक्ष उत्पादक. आमच्या बागलाणातली अर्ली द्राक्षं बाहेर जातात. एक चिनी भाषिक व्यापारी विचारतो तुमचं फूथाओ आहे की थीत्स? इंग्रजीत दोन्ही ग्रेपच ना?

उत्तर : हो नाना, इंग्रजीत दोन्ही ग्रेप्सच. थीत्स हा मूळचा कँटनीज बोलणाऱ्यांचा द्राक्षासाठीचा शब्द, हाँगकाँगकडे सगळ्याच द्राक्षांना म्हणतात, पण चीनच्या बाकी भागात बाजारात त्याचा अर्थ बदलला, जाड कडक गराची, कुरकुरीत, साल न सुटणारी, रेड ग्लोबसारखी बाहेरून आलेली द्राक्षं म्हणजे थीत्स, आणि मऊ, साल सटकणारी म्हणजे फूथाओ. त्यामुळे तो काहीतरी वेगळंच फळ विचारतोय असं समजू नका, तो तुम्हाला गर कसा आहे ते विचारतोय. उत्तरात ग्रेप्स एवढंच लिहून भागणार नाही, क्रिस्प, फर्म, सीडलेस, थिन स्किन असं लिहा आणि जातीचं नाव लिहा.

जात सांगताना मात्र एकवचन चालतं, 'थॉमसन इज अ सीडलेस ग्रेप', इथे अ ग्रेप म्हणजे एक मणी नाही, द्राक्षाची एक जात. तुमच्या पॅकहाउसच्या भाषेत मण्याला बेरी म्हणतात, बेरी साइज इतके मिलिमीटर, आणि ते बरोबरच आहे, व्यापारात एका मण्याला ग्रेप म्हणत नाहीत, बेरीच म्हणतात. घडाला बंच, देठाला स्टेम, आणि द्राक्षं भरायच्या प्लास्टिकच्या डबीला पनेट तर तुम्ही रोजच म्हणता, तो इंग्लंडकडचा शब्द आहे, अमेरिकेशी बोलताना क्लॅमशेल म्हटलेलं जास्त कळतं.

प्रश्न : नंदुरबार. वडिलांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नये असं लिहिलंय. आम्ही द्राक्षं बंद केलीत. बरोबर केलं का?

उत्तर : या अंकाच्या विषयात बसतो म्हणून घेतला, आणि महत्त्वाचाही आहे. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नाही. ते लिंबूवर्गातलं मोठं फळ आहे, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून बार्बाडोस बेटावर झालेलं, झाडाला घोसाने लागतं म्हणून ते नाव पडलं असं मानतात. चिनीत तेच नाव उचलून फूथाओ यौ केलंय, यौ म्हणजे पपनस, पण त्यांना शेवटच्या यौमुळे तरी कळतं की हे पपनसाच्या घरातलं आहे, मराठीत आणि इंग्रजीत तशी काही खूण नाही. ग्रेपफ्रूटमुळे काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या त्यात येतात, म्हणून ती सूचना. ती द्राक्षांबद्दल नाही. पपनसात मात्र तसेच घटक असू शकतात, तेव्हा वडिलांना पपनस द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांना साखरेचा त्रास असेल तर द्राक्षं किती खायची तेही त्याच वेळी विचारून घ्या.